पाण्याखालचं मालगुंड

या आठवड्यात मला राग आला तो एका संमतिपत्रावरून. आमच्या भागातल्या एका शाळेने जयगडच्या खाडीत नांगरलेल्या शिडाच्या बोटी मुलांना दाखवायच्या ठरवल्या. बोटीत बसायचं नव्हतं, नुसतं जेटीवरून बघायचं होतं. तरी निम्म्याहून जास्त पालकांनी सही केली नाही. "पाण्याजवळ नको," एवढंच कारण. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ज्यांना समुद्राची गाज ऐकू येते, त्या घरांतलं हे उत्तर.

बोटी होत्या एका नौकायन शिबिराच्या. रत्नागिरीत एनसीसीचं नौदल युनिट आहे. नौदल शाखेची मुलं-मुली व्हेलर नावाच्या, शीड आणि वल्ही दोन्ही असलेल्या बोटींतून किनाऱ्याकिनाऱ्याने मोहिमा करतात. या शिबिराचा बेतही तसाच होता. पहाटेच्या मतलईवर बाहेर पडायचं, दुपारी वारा समुद्राकडून येऊ लागला की शीड फिरवायचं, वारा पडलाच तर वल्ही मारायची. माझी अकरावीतली भाची त्यात होती. मधला एक दिवस विश्रांतीचा, तो त्यांनी मालगुंडात घालवला. केशवसुतांचं घर पाहिलं, स्मारक पाहिलं, आणि दुपारी ओहोटी लागल्यावर सगळी पलटण किनाऱ्यावर आली. संध्याकाळी मी तिथे असतोच, त्या दिवशी दुपारपासून होतो.

भाचीच्या पिशवीत पाण्यात घालायचा मास्क होता. किनाऱ्याच्या टोकाला खडक उघडे पडतात, त्यांच्या आडोशाला कमरेएवढं निवळ पाणी साचतं. प्रशिक्षक शेजारी उभे. भाची मास्कच्या काचेवर आतून थुंकली, बोटाने ते सगळीकडे फिरवलं, पाण्यात विसळलं आणि तो चढवला. काचेवर वाफ धरू नये म्हणून असं करतात. वाडीतली पोरं तोवर भोवती जमली होती, ती खो-खो हसली. मग त्यांतल्या एकाने तो मास्क मागितला. तो खाली वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही. आला तेव्हा म्हणाला, "मामा, कालवं तोंड उघडून बसलीत!" ही कालवं त्याची आजी कोयत्याने फोडून घरी आणते, तो आवडीने खातो. पण पाण्यात ती जगतात कशी, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्यानंतर मास्क हातोहात फिरला. कुणाला दगडाखाली सरकणारा खेकडा दिसला, कुणाला बोट लावताच मिटणारं समुद्रफूल. मागे मी इथल्या कासवांवर लिहिलं होतं. त्यांची घरटी राखणाऱ्या या गावातल्या पोरांना आपल्याच किनाऱ्याचा तळ त्या दुपारी पहिल्यांदा दिसला.

भाची त्यांना तारकर्लीच्या स्कूबाची गोष्ट सांगत होती. खाली जाताना कानात दडा बसतो, तेव्हा नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारायची. दहा मीटरवर दाब वरच्यापेक्षा दुप्पट होतो. श्वास कधीच कोंडून धरायचा नाही, वर येताना तर मुळीच नाही, कारण फुप्फुसातली हवा फुगत जाते. आणि तळाशी माशांचा थवा दिसल्यावर तिने आनंदाने अंगठा वर केला, तर प्रशिक्षक तिला घेऊन वरच निघाले. पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ 'वर चला' असा असतो. सगळं ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करावा लागतो. पोरांनी तिथल्या तिथे दोन्ही खुणा पाठ केल्या.

पालकांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. शेजारच्या गणपतीपुळ्यात माणसं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. मे 2022 मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले. पण बुडण्यामागचं कारण मुलाला कोण सांगतं? लाटांनी आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूच्या बांधात खळगा असेल तिथून जोराने आत ओढ घेतं. तिथे लाटा फुटत नाहीत, म्हणून नवख्याला नेमकी तीच जागा शांत वाटते. त्या ओढीत सापडलेला माणूस सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहतो आणि दमून बुडतो. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघालं की ओढ सुटते, मग लाटांबरोबर बाहेर येता येतं. हे दहा मिनिटांत शिकवता येतं. किनाऱ्यावरच्या प्रत्येक शाळेत ते शिकवलं गेलंच पाहिजे, आणि मुलाला दूर ठेवून ते होणार नाही.

आमच्या लहानपणी पोहणं विहिरीत शिकवत. पाठीला सुका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा, काठावर काका उभा, आणि खाली पाण्यात थोरला भाऊ. मे महिना संपेपर्यंत डबा सुटायचा. आता विहिरींवर जाळ्या आल्या आणि काका मुंबईला गेले. तरी वाडीत पाणी न आटणाऱ्या विहिरी आहेत, पायऱ्यांच्याही आहेत, आणि चांगलं पोहणारी माणसं आहेत, त्यांत बायकाही आहेत. येत्या मे महिन्यात ज्यांना सकाळचा तासभर देता येईल त्यांनी मला कळवावं. जाळी काढायला विहिरीच्या मालकांशी मी बोलतो, दोर आणि लाइफ जॅकेटं मी आणतो.