वादळ कुठून आलं?

मे-जूनच्या वादळात केळीबागा झोपल्या की बुऱ्हाणपुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती गेली?" वादळ कुठून आलं, हे फारसं कुणी विचारत नाही. विचारलं, तर उत्तरं चार मिळतात.

त्याचं कारण पडलेल्या बागेतच दिसतं. एका शेतात खोडं पूर्वेला आडवी, तर नाल्यापलीकडे दक्षिणेला. केळीचं खोड म्हणजे पानांच्या देठांचे एकावर एक थर, मुळं उथळ आणि वर घडाचा भार. झोत लागेल तिकडे झाड जाणार. "वादळ फिरून आलं," असं शेतकरी म्हणतो. पण फिरलेला असतो तो वारा. ढगातून पावसाबरोबर गार हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. आपलं शेत ढगाच्या कोणत्या अंगाला होतं, त्यावर झोताची दिशा ठरते.

वादळाची वाट मात्र साधारण तीन ते सहा किलोमीटर उंचीवरचे वारे ठरवतात. पुरात ओंडका वाहावा तसा ढग त्यांच्याबरोबर जातो. मे महिन्यात तिथे बहुधा पश्चिमेचे वारे असतात, म्हणून वीज आधी रावेरच्या बाजूला चमकते. कधी पसरणारी गार हवा पुढची उष्ण हवा उचलते, तिथे नवा ढग उभा राहतो आणि वादळ वाट सोडून बाजूला सरकतं. असीरगडाचा डोंगर आडवा आला म्हणून वाचलो, हे मात्र मला पटत नाही. डोंगर खालचा वारा वळवतात, पण त्या वरच्या वाऱ्यांपुढे सातपुडा फारच बुटका.

चक्रीवादळालाही वरचेच वारे हाकतात. ३ जून २०२० ला 'निसर्ग' अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, ईशान्येला वळलं आणि दमत दमत उत्तर महाराष्ट्रातून मध्य प्रदेशाकडे सरकलं.

पावसाळ्यात सगळंच उलटतं. बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं क्षेत्र ओडिशा, छत्तीसगड ओलांडून पश्चिम-वायव्येला येतं, तेही खालचा वारा नैऋत्येचा असताना! पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम उत्तरेकडे वाढत जातो आणि एवढं मोठं चक्र त्यामुळे आपसूक वायव्येला ओढलं जातं. वरच्या थरातले पूर्वेचे वारेही हात लावतात.

आपल्याला खरी धास्ती या वाटेची हवी. तापी मुलताईहून निघून पश्चिमेला वाहते. पाऊसही त्याच दिशेनं सरकत आला, तर वरून आलेला लोंढा आणि इथली सर एकाच वेळी गाठ घेतात. उलट दिशेनं जाणाऱ्या तेवढ्याच पावसाचं पाणी सुटं सुटं वाहून जातं. ऑगस्ट २००६ मध्ये खोऱ्यावर मुसळधार झाली, उकाई धरणाचं पाणी सोडावं लागलं आणि सुरत बुडाली.

बुऱ्हाणपुरात तापीच्या राजघाटावर पूर बघायला गर्दी जमते. नदीतला दगडी हत्ती किती बुडाला, यावर पैजा लागतात. तोवर उशीर झालेला असतो. अशा कमी दाबाच्या क्षेत्राचा सर्वांत जोराचा पाऊस बहुधा त्याच्या केंद्राच्या नैऋत्येला पडतो. म्हणजे केंद्र नर्मदेवरून जात असेल, तर "ते वरून गेलं, आपण सुटलो" म्हणणारे आपणच त्या पावसाच्या पट्ट्यात असतो. हवामान खात्याच्या इशाऱ्यात जिल्ह्याच्या नावापुढे रंग असतो, मिलिमीटर असतात. केंद्राची वाट नकाशावर असते, पण ती बघायची कशी, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर कुणी लिहीत नाही. दोन ओळींचं तर काम आहे.