रोव्हर्स चषकाचे दार कोणी लावले?

फुटबॉलचा विषय या पानावर कशासाठी, असे काही साथी विचारतील. प्रश्न रास्त आहे. गिरणीला टाळे लागले की मोर्चा निघतो, निदान गेटसभा तरी होते. रोव्हर्स चषकाची स्पर्धा २०००-०१ च्या हंगामात मोहन बागान आणि चर्चिल ब्रदर्स यांच्यातील अंतिम सामन्याने संपली आणि पुढे भरलीच नाही. तेव्हा कोणत्याही कामगार संघटनेने, कोणत्याही पक्षाने, आपल्याही पक्षाने, एका ओळीचा निषेध केल्याचे स्मरत नाही. शंभर वर्षांहून जुनी संस्था गेली आणि ती आपली होती हे आपल्या ध्यानातही आले नाही.

ती आरंभापासून आपली होती असे म्हणणे मात्र खोटेपणाचे होईल. १८९१ साली मुंबईत ही स्पर्धा सुरू झाली ती गोऱ्यांच्या हौसेतून, आणि पहिला चषक वूस्टरशायर रेजिमेंटने नेला. पुढली कित्येक वर्षे ती पलटणींचीच मिरास राहिली. १९२३ साली मोहन बागानने अंतिम फेरी गाठली, पण चषक हाती आला नाही. तो आला १९३७ साली, बंगलोर मुस्लिम्स या संघाच्या, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी तो पुन्हा जिंकला. साम्राज्याने आपल्या करमणुकीसाठी उभारलेल्या दारातून गुलाम देशातील माणसे आत शिरली व यजमानालाच हरवून बाहेर आली. बाद पद्धतीच्या स्पर्धेचा हा गुण आहे. तिच्यात वर्षभराच्या गुणांचा हिशेब नसतो, तिजोरीचा तर नसतोच. सोडतीत नाव निघाले की नव्वद मिनिटे दोन्ही संघ सारखे.

स्वातंत्र्यानंतर हा चषक खऱ्या अर्थाने नोकरदारांचा झाला. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो हैदराबाद सिटी पोलीस संघाने जिंकला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनीच पुढे १९५६ मध्ये भारताला ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीपर्यंत आणि १९६२ मध्ये आशियाई सुवर्णपदकापर्यंत नेले. मेलबर्नच्या त्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियावर तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा मुंबईचा, टाटा आणि कॅलटेक्स या कंपन्यांच्या संघांतून खेळलेला. कॅलटेक्सने १९५८ साली रोव्हर्स जिंकला. मफतलालचा संघ होता, रेल्वेचे संघ होते. खेळाडू सकाळी हजेरीपटावर सही करी आणि दुपारी कूपरेजवर उतरे. मालकांनी हे औदार्यापोटी केले असे कोणी समजू नये. जाहिरात स्वस्तात होत होती आणि कामगारांचे लक्ष पगारवाढीवरून थोडे ढळत होते. तरीही चेंडू चांगला खेळणाऱ्या गरीब मुलाला त्यातून कायम नोकरी मिळे, ही गोष्ट लहान नव्हती.

प्रेक्षक कोण होते? पहिल्या पाळीचे कामगार, गोदीवाले, कचेऱ्यांतील कारकून. ठाणे, कल्याण, डोंबिवलीचा माणूस सकाळच्या गाडीने बोरीबंदरला जाई तो केवळ नोकरीसाठी; पण सामन्याच्या दिवशी तोच माणूस परतीची एक-दोन लोकल सोडून कूपरेजच्या दिशेने चालू लागे. शेजारी उभा असलेला गोव्याचा, मलबारचा की मदनपुऱ्याचा, हे गोल होईपर्यंत कोणी विचारीत नसे. गोल झाल्यावर मात्र कळे!

हे दार मग लागले कसे? एकदम नाही. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईचा औद्योगिक कणाच मोडला. पाठोपाठ कंपन्यांनी खेळाच्या नावाने होणारी भरती आटवली. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग आली. मोठ्या संघांचे वेळापत्रक तिच्याभोवती फिरू लागले आणि जुन्या चषकांना उरलेसुरले दिवस मिळू लागले. २०१० साली महिंद्र युनायटेडसारखा नामांकित संघही बरखास्त झाला. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली ती विकत घेतलेल्या संघांची, आणि खालच्या लीगमधील विजेत्याला तिच्यात चढण्याची वाट २०२३ पर्यंत नव्हती. याला व्यावसायिकता म्हणतात. आम्ही याला मक्तेदारी म्हणतो.

हा रोग एकट्या भारताचा नाही. इंग्लंडमधील एफए कपात सामना बरोबरीत सुटला की दुसऱ्या संघाच्या मैदानावर तो पुन्हा खेळवीत. गावातल्या छोट्या क्लबला बड्या संघाशी बरोबरी साधून असा एक फेरसामना मिळाला तर त्याच्या उत्पन्नावर त्याचे वर्ष निघे. २०२४-२५ च्या हंगामापासून मुख्य फेऱ्यांतील हे फेरसामने रद्द झाले, कारण बड्या क्लबांना दिवस मोकळे हवे होते. छोट्या क्लबांनी आरडाओरडा केला. चषक उरला, त्यातला गरिबाचा वाटा गेला.

आपल्याच राज्यात मात्र याच्या उलट चित्र दिसते. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ यांचे सामने भरतात आणि हजारो माणसे येतात. लीग संपली की एकामागून एक चषकांच्या बाद स्पर्धा सुरू होतात. तेथे संघाचा मालक कोणी उद्योगपती नाही. संघ पेठेचा आहे, तालमीचा आहे. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच जिल्ह्याचा. समर्थकांच्या मारामाऱ्यांनी तेथील खेळाला अनेकदा गालबोट लागले आहे, हे झाकण्यात अर्थ नाही. पण भांडायला का होईना, लोक तेथे आहेत. रोव्हर्स संपली तेव्हा तिच्यासाठी भांडणारे कोणी उरले नव्हते, कारण तिचा कारभार कधी लोकांच्या हाती आलाच नव्हता.

आता आपल्या भागाकडे वळू. ठाण्याची रेमंड, मोहोन्याची एनआरसी, डोंबिवलीजवळची प्रीमियर, हे कारखाने गेले. त्या जमिनींवर इमारती उठल्या किंवा उठण्याच्या वाटेवर आहेत. संध्याकाळी चेंडू खेळायचा तर तासावर भाडे घेणारी, जाळी लावलेली हिरवी टर्फ. पाच-सहा पोरांनी वर्गणी काढायची आणि तास संपला की बाहेर पडायचे. ज्याच्या खिशात वर्गणी नाही तो जाळीबाहेर. विकास आराखड्यात खेळाच्या मैदानाचे आरक्षण कागदावर असते, आणि त्या भूखंडावर झोपड्या, गॅरेज नाहीतर पक्षांची कार्यालये असतात. (होय, पक्षांची, यात डावे-उजवे करण्यात अर्थ नाही.)

तेव्हा रोव्हर्सच्या नावाने उसासे टाकण्याआधी दोन कामे करावी लागतील. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांकडून मैदानांसाठी आरक्षित भूखंडांची यादी माहितीच्या अधिकारात मिळवावी. प्रभागवार पाहणी करून कोणता भूखंड कोणाच्या ताब्यात आहे ते जाहीर फलकावर लिहावे. दुसरे, पश्चिम भारत फुटबॉल संघटनेकडे मागणी करावी की रोव्हर्स चषक पुन्हा सुरू करा, आणि सुरू कराल तेव्हा पहिल्या फेरीच्या सोडतीत जिल्ह्यांतील नोंदणीकृत, बिगरव्यावसायिक संघांना जागा राखून ठेवा. त्यातले काही सामने कूपरेजऐवजी ठाण्यात आणि कल्याणात खेळवा, शेवटची लोकल सुटण्याच्या आत संपतील असे, आणि तिकिटाचा दर रोजंदारीवरच्या माणसाला परवडेल असा ठेवा.