आजीचा फोन आणि आपली पॅकेट्स

जुन्या पद्धतीत कॉल लागला की वाट आपल्यासाठी राखीव, आपण गप्प बसलो तरी! व्हीओएलटीईमध्ये आवाजाचे 20-20 मिलिसेकंदांचे तुकडे पॅकेट्समधून जातात, आणि नेटवर्क त्यांना डाउनलोडच्या आधी पुढे सोडतं. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ आलं, तेच मुळी 2जी-3जीशिवाय.

इंजिनिअरिंगचा विद्यार्थी म्हणून मला हे शंभर टक्के पटतं. पण सुरगाण्याला माझ्या आजीकडे अजून 2जीचा बटणांचा फोन आहे. उद्या सगळीकडे 2जी बंद झालं, तर तो नुसतं खेळणं होईल. म्हणून आधी तिच्या हातात परवडणारा 4जी फोन येऊ दे, मग 2जी खुशाल बंद करा. होस्टेलवरून आजीलाच कॉल लागणार नसेल, तर आपला स्पीड काय कामाचा?