मेरिट म्हणजे फीची पावती

दोस्तहो, मेरिट नावाचा एक माल सध्या बाजारात आहे. तो दोन वर्षांच्या हप्त्यानं मिळतो. मोठ्या क्लासच्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो. ज्याच्यावर सरकार जीएसटी घेतं त्याला धंदा म्हणतात, ज्ञानदान नव्हे. पण पावती फाडणारा स्वतःला गुरुवर्य म्हणवून घेतो, चौकातल्या बॅनरवर दात काढून बसलेलं पोरगं स्वतःला गुणवंत समजतं, आणि दोघं मिळून आमच्याकडं बोट करतात, की बघा, हे आले सवलतीवाले!

मी दहावी पास. जुनी माणसं मॅट्रिक म्हणतात. मुंबईच्या गोदीत पाळी करतो आणि कविता लिहितो. असल्या माणसानं गणिताच्या शिकवणीवर काय बोलावं, असं कुणाला वाटत असंल तर वाटू दे. गोदीत हिशोब चुकला तर कॉपीवर लाल रेघ पडत नाही, माणसाचा पाय जातो. किती टनाचा नग, कुठल्या साखळीला झेपंल, किती जणांनी धरायचा, हे आम्ही उभ्या उभ्या ठरवतो. आमच्या कुंभारीतल्या बाया मांडीवर सूप घेऊन हजार विड्या वळतात, पान किती लागलं, तंबाखू किती उरली, कारखान्यातल्या तपासणीत छाट किती निघाली आणि मजुरी किती कापली, हे बोटावर सांगतात. तेव्हा आमच्या लोकांना गणित येत नाही ही शुद्ध थाप आहे. आम्हाला उघडता येत नाही ते गणिताच्या नावानं उभं केलेलं फाटक. त्याची किल्ली विकत मिळते आणि आमच्या खिशात दमडी नसते.

कुंभारी कुठं, तर सोलापूरला खेटून, अक्कलकोट रोडला. इथं लाल बावट्यानं लढून विडी कामगार बायांना हक्काचं घर मिळवून दिलं. गोदूताई परुळेकरांच्या नावाचं दहा हजार घरांचं घरकुल २००६ साली उभं राहिलं. पुढं रे नगर झालं, १९ जानेवारी २०२४ ला तिथल्या १५ हजार घरांच्या किल्ल्या पंतप्रधानांच्या हस्ते वाटल्या. विडीवाल्या, यंत्रमागवाले, कचरा वेचणारे, शिलाईवाले, पद्मशाली, मोची, मुसलमान, बौद्ध, मातंग, सगळे एका वस्तीत. आणि याच कुंभारीच्या हद्दीत एक खासगी मेडिकल कॉलेजही आहे. म्हणजे एकाच गावाच्या शिवेत तंबाखूनं छाती पोखरलेली आई आहे आणि छाती तपासायला शिकवणारं कॉलेजही. दोन्हींमधलं अंतर पायानं मोजलं तर काहीच नाही. परीक्षेनं मोजलं तर कोटा-लातूरला वळसा घालून यावं लागतं.

हा वळसा नीट बघा. कारण खरी मेख इथंच आहे.

अनुसूचित जातीच्या पोरानं सरकारी प्रवेश फेरीतून जागा मिळवली, उत्पन्नाची अट बसली, की खासगी कॉलेजचीसुद्धा शिक्षण फी शिष्यवृत्तीतून सरकार भरतं. बाबासाहेबांनी आणि त्यांच्यामागं रस्त्यावर उतरलेल्या माणसांनी कमावलेली ही गोष्ट आहे. पण दारातून आत गेल्यावरची फी सरकार भरंल, दारापर्यंत पोचायची फी कोण भरणार? अकरावी-बारावीची दोन वर्षं क्लासला लाख-लाख मोजायचे, वर खोली, मेस, टेस्ट सिरीज. त्याला शिष्यवृत्ती नाही. सरकारच्या काही संस्था फुकट कोचिंग देतात, पण जागा मोजक्या आणि रांग लांब. म्हणजे घटनेनं उघडलेलं दार तसंच उघडं ठेवायचं आणि त्याच्या आधी दहा पावलांवर दुसरं खासगी दार बसवायचं. त्यावर पाटी नाही, कायदा नाही, आरक्षणही नाही. आहे फक्त कॅश काउंटर.

आता क्लासवाल्यांचं गणित तपासू. २०२४ साली नीटला जवळपास २४ लाख पोरांनी नाव नोंदवलं. एमबीबीएसच्या जागा देशभर साधारण १ लाख ८ हजार, त्यातल्या सरकारी निम्म्याच्या आसपास. भागाकार करा. २२ जणांत एकाला जागा. या बाविसांपैकी एकानं क्लास लावला तर तो पुढं जाईल. बाविसांनी लावला तर? जागा एकच राहते. २१ जण बाहेरच राहतात, फक्त आता पैसे घालवून बाहेर राहतात. जत्रेत एकजण टाचा उंच करून उभा राहिला तर त्याला तमाशा दिसतो. सगळेच टाचा उंच करून उभे राहिले तर कुणालाच जास्त दिसत नाही, सगळ्यांच्या पोटऱ्या तेवढ्या दुखतात. क्लासवाला एकही जागा वाढवत नाही, एकही डॉक्टर वाढवत नाही. तो टाचा भाड्यानं देतो. बॅनरवर निवड झालेल्या पोराचा फोटो लावतो, बाकीच्यांचे फोटो कुठं लावतो? त्यांच्याच फीतनं तो बॅनर छापलेला असतो.

कुणी म्हणंल, परीक्षेच्या आधी काय सोनं होतं? कबूल. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित कॉलेजांना रान मोकळं केलं आणि डोनेशनचा बाजार भरला. इतका भरला की १९८७ साली कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला. मग सांगितलं गेलं, देशभर एकच परीक्षा घेऊ, म्हणजे थैलीवाल्याची थैली बंद होईल. थैली बंद झाली नाही. तिनं दुकान बदललं. पूर्वी ती कॉलेजच्या ऑफिसात उघडायची, आता दोन वर्षं आधी क्लासच्या काउंटरवर उघडते आणि नंतर पुन्हा कॉलेजात उघडते.

पुन्हा कशी ते सांगतो. २०२४ ला खुल्या वर्गाला नीट पात्र व्हायला ७२० पैकी १६२ मार्क पुरले. म्हणजे शंभरात साडेबावीस. तेवढ्यावर सरकारी जागा स्वप्नातही नाही, पण ज्याचा बाप वर्षाला लाखोंची फी भरू शकतो त्याला खासगीत उभं राहायची मुभा आहे. आणि २०२३ च्या सप्टेंबरात तर कमाल झाली. पदव्युत्तर मेडिकलच्या जागा रिकाम्या राहिल्या म्हणून पात्रतेची रेघ सगळ्या वर्गांसाठी शून्य पर्सेंटाइलवर आणली. शून्य! आमच्या पोराला दहा मार्कांची सवलत मिळाली की पेशंट मरतील म्हणून छाती बडवणारे तेव्हा कुठं होते? एकही मोर्चा दिसला नाही. कारण जागा रिकामी राहिली तर धंद्याचं नुकसान होतं. मेरिटची रेघ आमच्यासाठी दगडाची आणि तिजोरीसाठी रबराची.

आता उलट्या बाजूची एक मुलगी बघा. तामिळनाडूतली अनिता. अरियलूर जिल्ह्यातली, दलित, बाप हमाल. बारावीला १२०० पैकी ११७६ मार्क. जुन्या पद्धतीनं तिची मेडिकलची जागा नक्की होती. २०१७ ला नीट आली आणि तिचे ते ११७६ मार्क रद्दीत गेले. ती सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. १ सप्टेंबर २०१७ ला तिनं जीव दिला. बारा वर्षं शाळेत शिकलेलं खोटं आणि तीन तासांचं खरं, असं म्हणणाऱ्या व्यवस्थेला ही पोरगी कमी हुशार वाटली. हमालाच्या पोरीला आणखी किती हुशार व्हायला हवं होतं?

आणि ज्यांनी क्लास लावला त्यांचं तरी काय? राजस्थानातल्या कोट्यात २०२३ या एका वर्षात वीसहून जास्त पोरांनी आत्महत्या केल्या. तेव्हा प्रशासनानं हुकूम काढला, की वसतिगृहांतल्या पंख्यांना स्प्रिंग बसवा. लटकलं की पंखा खाली यावा. पंख्याला स्प्रिंग बसली. फीला बसली नाही. ही पोरं आमच्या जातीची होती की नव्हती हे मी विचारत नाही. पोरं होती.

आपल्या पुराणात खासगी शिकवणीचा पहिला मास्तर म्हणजे द्रोण. राजाच्या पोरांसाठी ठेवलेला. त्यानं एकलव्याला दारात उभं केलं नाही, आणि जे शिकवलंच नाही त्याची फी म्हणून अंगठा घेतला. आजचा द्रोण अंगठा तोडत नाही, तो उमटवून घेतो. आईचा मायक्रोफायनान्सच्या कर्जाच्या कागदावर आणि पोराचा कॉलेजच्या मशीनवर. कारण पोरगं कॉलेजात असतंच कुठं? नाव ज्युनिअर कॉलेजात, देह क्लासात. हे साटंलोटं इतकं माजलं की २०१८ साली राज्य सरकारला सायन्सच्या ज्युनिअर कॉलेजांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करावी लागली. शाळा आणि कॉलेज रिकामं करून क्लास भरतो, हे सरकारनंच त्या आदेशात कबूल केलं. पुढं काय झालं ते कुठल्याही अकरावीच्या पोराला विचारा.

जून २०२४ ला नीटच्या पेपरफुटीच्या गोंधळात लातुरात दोन जिल्हा परिषद शिक्षकांवर गुन्हा दाखल झाला. त्यातला एक आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या शाळेत नोकरीला. दोघं लातुरात खासगी क्लास चालवतात असं तेव्हा छापून आलं. ते दोषी की निर्दोष हे कोर्ट ठरवंल, मी ठरवत नाही. मी एवढंच विचारतो, की शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम २८ काय सांगतं? कुठल्याही शिक्षकानं खासगी शिकवणी करायची नाही. साध्या भाषेत लिहिलंय. पगार गरिबाच्या शाळेतनं आणि डोकं श्रीमंताच्या क्लासात, हे चालणार नाही. मग हे कलम आजवर कुणी, कुठं राबवलं?

दुसरीकडं शाळेत काय चाललंय? २०२४ च्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात एक तरतूद आली. दहावीला गणित-विज्ञानात ३५ ऐवजी २० मार्क पडले तरी पुढं जाता येईल, पण मार्कलिस्टवर शेरा बसंल, की याला पुढं गणित आणि विज्ञानाची वाट बंद. बघा किती दया! आम्हाला गणित शिकवा म्हटलं तर शिकवत नाहीत, पण गणिताशिवाय जगायची परवानगी कागदावर लिहून देतात. हा शेरा कुणाच्या मार्कलिस्टवर बसणार? ज्याच्या घरी सातवीपासून शिकवणीवाला येतो त्याच्या? नाही. तो विडी घरकुलातल्या पोराच्या मार्कलिस्टवर बसणार. पूर्वी जन्मावरनं कळायचं की कुणी काय शिकायचं नाही. आता शेऱ्यावरनं कळंल.

आता थोडं आपल्या आतलं. वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत तिसरी ते दहावी एकत्र कोंबून गणित शिकवणारा बी.एस्सी. झालेला पोरगा माझा दुश्मन नाही. तो डी.एड., बी.एड. करून नोकरीची वाट बघत म्हातारा होतोय. तोही डोक्यामागं पैसे घेणारा हमालच आहे. महिन्याला शे-दोनशे घेतो, तेही दोघे-तिघे बुडवतात. शाळेनं सोडलेलं तो उचलतो. आणि तिथं पोरगी पाठवणारी विडीवाली बाई मूर्ख नाही. तिला कळतं की शाळेत गणिताचा मास्तर पूर्ण वर्ष टिकत नाही. तिला शिव्या देऊ नका, तिच्या हिशोबाला उत्तर द्या. तिच्या विडीवर कल्याण निधीचा सेस होता, १९७६ च्या कायद्यानं, त्यातनं पोरांना शिष्यवृत्ती मिळायची. २०१७ ला जीएसटी आला आणि तो सेसच उडवला. शिष्यवृत्ती उरली ती सरकारच्या बजेटच्या मर्जीवर. तिच्या मजुरीतला हक्काचा धागा तोडला आणि तिच्या पोराच्या क्लासवर कर बसवला.

माझा राग आहे तो आपल्यातनंच शिकून वर गेलेल्या, बाबासाहेबांचा फोटो लावून त्याखाली फीचं दरपत्रक टांगणाऱ्या साहेबांवर. फोटो काढा किंवा दरपत्रक काढा. परळच्या चाळीतल्या एका खोलीत बाबासाहेबांना रात्री दोनला उठवून अभ्यासाला बसवणारा त्यांचा पहिला शिकवणीमास्तर त्यांचा बाप होता. चर्नी रोडच्या बागेत त्यांना पुस्तकं देणारे केळुसकर गुरुजी होते. दोघांनीही पावती फाडली नव्हती.

मग करायचं काय? क्लास बंद करा म्हणून दगड मारणं सोपं आहे. उद्या ते दुसऱ्या नावानं उघडतील, कारण ते परीक्षेच्या पोटातनं जन्मतात. म्हणून मागणी नेमकी करा.

एक, सरकारी शाळेत शिकलेल्यांना मेडिकल-इंजिनिअरिंगमध्ये वेगळा कोटा. तामिळनाडूनं २०२० ला कायदा करून मेडिकलमध्ये साडेसात टक्के जागा दिल्या. महाराष्ट्र फुले-आंबेडकरांचा म्हणवतो, त्यानं हे का करू नये? दोन, कलम २८ राबवा आणि त्याबरोबर गणित-विज्ञानाच्या शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरा. एकीशिवाय दुसरी मागू नका. तीन, बारावीच्या मार्कांना प्रवेशात वजन द्या, म्हणजे पोरगं पुन्हा वर्गात बसंल आणि मास्तरला पुन्हा शिकवावं लागंल. चार, तो वीस मार्कांचा शेरा फाडून टाका. आमच्या पोरांना दया नको, फळ्यापुढं उभा राहणारा माणूस पाहिजे.

आणि सरकार जागं होईपर्यंत आपण झोपायचं नाही. जोतिबा-सावित्रीनं १८५५ साली राबणाऱ्या माणसांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हा कुणाच्या जीआरची वाट बघितली नव्हती. घरकुलातल्या समाजमंदिरात, विहारात, रोज रात्री दोन तास दिवा लावा. ज्याला अपूर्णांक येतो त्यानं अपूर्णांक शिकवावा, ज्याला कॅल्क्युलस येतं त्यानं कॅल्क्युलस. इंजिनिअर झालेल्यांनी महिन्यातले चार रविवार द्यावेत. त्यांना वर्गणी नको, फुलं नकोत, त्यांचे रविवार हवेत. मी सुट्टीला गावाकडं आलो की सातवीच्या पोरांचं गुणोत्तर-प्रमाण मी घेईन, तेवढं मॅट्रिकवाल्याला झेपतं.

ज्यांना हे पटतंय त्यांनी वस्तीतल्या आठवी ते बारावीच्या पोरापोरींची यादी करायला लागा. नाव, इयत्ता, कुठला विषय अडतो, घरात अभ्यासाला जागा आहे का. यादी हातात घेऊनच जिल्हा परिषदेच्या दारात जायचंय. रिकाम्या हातानं गेलेल्यांना ते आश्वासन देतात. आकडा घेऊन गेलेल्यांना त्यांना उत्तर द्यावं लागतं.