धर्मानंदांचे तुकडे पाडू नका

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यात साखवाळला झाला. 2026 मध्ये त्याला दीडशे वर्षे पूर्ण होतात. त्यांचा गौरव व्हायलाच हवा. पण थोरांची आपसात वाटणी करून घेण्याची आपली खोड जुनी आहे. पालीचे अभ्यासक त्यांच्यातला पंडित घेतील, गांधीविचाराचे लोक सत्याग्रही घेतील आणि श्रद्धावंत बुद्धचरित्रकार. माझ्या मते ही तीन कामे मुळात वेगळी नव्हतीच. कलकत्त्यातली प्राध्यापकी सोडून सयाजीराव गायकवाडांच्या महिना 50 रुपयांवर ते महाराष्ट्रात आले, ते बौद्ध धर्माचे ज्ञान आपल्या लोकांना आपल्या भाषेत मिळावे म्हणून. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात 1912 पासून सहा वर्षे पाली शिकवताना त्यांनी पु. वि. बापटांसारखे शिष्य घडवले. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास पत्करला, आणि 1937 मध्ये परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार सुरू केला. शिकलेले लोकांपर्यंत न्यायचे, हीच ओढ या सगळ्यामागे होती.

चळवळीमुळे त्यांची विद्वत्ता विखुरली, असे कोणी म्हणेल. हार्वर्डसाठी केलेले ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाचे संपादन त्यांच्या मृत्यूनंतर, 1950 मध्ये प्रसिद्ध झाले हे खरे. पण त्या रखडण्याला श्रेयाचा वादही कारण होता. शिवाय तोच ग्रंथ देवनागरीत त्यांनी 1940 मध्ये, चळवळीची वर्षे पार करून, प्रसिद्ध केला होता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कार्यकर्त्याने संशोधकाच्या कानात काही सांगितले असेल तर? ‘भगवान बुद्ध’ या बुद्धचरित्रात त्यांनी रोगी, म्हातारा आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडतो ही लाडकी कथा नाकारली आणि शाक्य आणि कोलिय या कुळांच्या भांडणाकडे बोट दाखवले. यात त्यांच्या काळाची छाया असेलही. मात्र त्यासाठी त्यांनी सुत्तनिपात या पाली ग्रंथातले अत्तदंडसुत्त पुढे ठेवले. वाचकाला ते तपासता येते, खोडताही येते. सोयीचे तेवढेच पाहणारा माणूस असे करत नाही. जैन तीर्थंकर पार्श्वनाथांच्या चातुर्यामावर, म्हणजे चार व्रतांच्या शिकवणीवर, त्यांची एवढी निष्ठा, की अखेर सेवाग्रामला अन्नत्याग करून 4 जून 1947 रोजी त्यांनी देह ठेवला. तरीही प्राचीन जैन श्रमणांच्या मांसाहाराविषयी ग्रंथांत जे आढळले ते त्यांनी लिहिले, आणि त्यावरून उठलेला रोष सोसला. श्रद्धा आणि पुरावा यांच्यात त्यांनी पुराव्याला दडपले नाही. त्यांच्या अध्यात्मलेखनावर माझा विश्वास बसतो तो यामुळेच.

म्हणून विद्यापीठांना विनंती आहे: पुतळा आणि व्याख्यानमाला एवढ्यावर थांबू नका. ‘निवेदन’ हे त्यांचे आत्मचरित्र आणि ‘भगवान बुद्ध’ ही दोन पुस्तके पदवीच्या वर्गात एकत्र लावा, पालीच्या रिकाम्या जागा असतील तिथे शिक्षक नेमा आणि विद्यार्थ्यांना मूळ सुत्ते उघडून धर्मानंदांशी मोकळेपणाने वाद घालू द्या.