हिरव्या झेंड्यावर मतदार का रुसला?



ऊसबिल, रिकव्हरी आणि खोडवा सोडून आम्ही या वेळी एकदम आयर्लंडच्या निवडणुकीकडे कसे काय वळलो, असे आपणांस वाटेल. कुठे आपली शिवारं आणि कुठे ते युरोपच्या पश्चिम टोकाचे बेट! पण जरा दम धरा. तो मुलूखही आपल्यासारखाच शेतीचा आणि सहकाराचा आहे. तिथली पहिली सहकारी दूधसंस्था १८८९ साली ड्रमकॉलॉगर नावाच्या खेड्यात निघाली. साखरही तिथे होत होती; उसाची नव्हे, बीटाची. सरकारी साखर कंपनी १९९१ साली खासगी झाली, पुढे युरोपीय संघाने साखरेचे धोरण फिरवले, आणि २००५ साली कार्लोचा तर २००६ साली मॅलोचा कारखाना बंद पडला. वजनकाटा कायमचा थांबला म्हणजे गावाचे काय होते, हे आपल्याला दुसऱ्याने सांगायला नको. दूर कुठेतरी कागदावर सही होते आणि आपल्या रानातले पीक निघून जाते, ही भीती तिथल्या शेतकऱ्याने भोगलेली आहे. पुढची हकीकत वाचताना एवढे ध्यानात ठेवावे.

हकीकत आहे तिथल्या ग्रीन पक्षाची. हवा, पाणी, जमीन राखा असे सांगणारा हा पक्ष १९८१ साली निघाला. १९८९ साली रॉजर गारलंड हे त्याचे पहिले आमदार त्यांच्या लोकसभेत, म्हणजे ‘डॉल’मध्ये, गेले. पुढची अठरा वर्षे पक्ष विरोधातच बसला. बोलणारे लोक शिकलेले, स्वच्छ, पैसे खाल्ल्याचा डाग नाही. लोक म्हणत, ‘संख्येने थोडे आहेत, पण खरं बोलतात.’

२००७ साली त्यांचे सहा आमदार निवडून आले आणि ते फियाना फॉल या मोठ्या पक्षाबरोबर सरकारात बसले. गंमत अशी, की निवडणुकीपर्यंत याच पक्षावर ग्रीनवाल्यांनी टीकेची झोड उठवली होती. डब्लिनजवळच्या तारा टेकडीच्या परिसरातून, जिथे प्राचीन अवशेष आहेत तिथून, जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला त्यांचा विरोध होता. पक्षाचे नेते जॉन गॉर्मली स्वतः पर्यावरणमंत्री झाले. आदल्या मंत्र्याने जाता जाता सही केली होती, ती आपल्याला फिरवता येत नाही, असे त्यांना सांगावे लागले. रस्ता झाला; २०१० साली वाहतूकही सुरू झाली. कायद्याने त्यांचे म्हणणे बरोबर असेलही. पण मतदार कायद्याचे पुस्तक घेऊन बसत नाही. तो म्हणाला, ‘मग खुर्चीवर बसून केलंत काय?’

त्यातच २००८ साली बँका कोसळल्या. सरकारने बँकांच्या देण्याची हमी घेतली आणि २०१० साली ८५ अब्ज युरोच्या मदतीची झोळी पसरायची पाळी देशावर आली. पगार कापले, कर वाढले, पोरं परदेशी निघाली. आणि त्याच वर्षी विधिमंडळात हरणांच्या शिकारीवर बंदीचा कायदा आणि कुत्र्यांच्या पैदाशीवर नियम असे विषय ग्रीन पक्षाच्या आग्रहाने चालले होते. विषय वाईट नव्हते, वेळ वाईट होती. घराला आग लागलेली असताना अंगणातली तुळस कोण पाहतो? २०११ च्या निवडणुकीत सहाचे शून्य झाले. पहिल्या पसंतीची मते दोन टक्क्यांच्याही खाली गेली, त्यामुळे सरकारकडून पक्षाला मिळणारे अनुदानही बंद झाले.

इथे गोष्ट संपली असती तर आम्ही लिहायला बसलो नसतो. पण मतदाराने त्यांना पुन्हा उभे केले. २०१६ साली दोन आणि २०२० साली बारा आमदार झाले. मधल्या काळात हवामानाचा प्रश्न घरोघर पोचला होता, शाळेची मुले रस्त्यावर आली होती. ईमन रायन यांच्या नेतृत्वाखाली पक्ष फियाना फॉल आणि फिना गेल या दोन्ही मोठ्या पक्षांबरोबर सरकारात गेला. या वेळी मात्र कामे झाली, हे मान्य केले पाहिजे. २०३० पर्यंत धुराचे आणि वायूंचे प्रमाण २०१८ च्या मानाने ५१ टक्क्यांनी खाली आणण्याचा कायदा २०२१ साली झाला. २०२२ साली बस-रेल्वेचे भाडे २० टक्क्यांनी उतरले. खेड्यापाड्यांत नव्या बस सुरू झाल्या. २०२३ साली देशाचे उत्सर्जन एका वर्षात ६.८ टक्क्यांनी घटले आणि १९९० च्या पातळीखाली गेले. एवढे करून २०२४ च्या नोव्हेंबरात निकाल काय लागला? बाराचा एक! नवे नेते रॉडरिक ओ’गॉर्मन तेवढे राहिले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये युरोपीय संसदेतल्या दोन्ही जागा गेल्या होत्या आणि स्थानिक कौन्सिलांतले ४९ सदस्य २३ वर आले होते.

पहिल्या वेळी काम झाले नाही म्हणून पाडले, असे म्हणावे, तर दुसऱ्या वेळी काम झाले तरी पाडले. हे कसं काय? आम्हाला वाटते, याचे उत्तर दोन ठिकाणी सापडते. एक चुलीपाशी, दुसरे गोठ्यात.

चुलीचे असे. आयर्लंडात दलदलीतली काळी माती विटेसारखी कापून वाळवतात आणि शेगडीत जाळतात. तिला ‘टर्फ’ म्हणतात. पिढ्यान्पिढ्यांचे हे सरपण. ज्याच्या त्याच्या वाट्याची पट्टी ठरलेली, उन्हाळ्यात सगळे घर कापणीला जायचे. आता या धुराने माणसे आजारी पडतात हे खरे आहे. हवेच्या प्रदूषणाने वर्षाला हजारावर लोक अकाली दगावतात, असा तिथल्या पर्यावरण संस्थेचा अंदाज आहे. म्हणून २०२२ च्या ऑक्टोबरअखेर नियम आला. ज्याचा हक्क आहे त्याने घरापुरते कापावे, शेजाऱ्याला द्यावे. पण दुकानात किंवा जाहिरात करून विकू नये. नियम तसा मवाळ होता. पण चर्चा सुरू झाली ती त्याच वर्षी, जेव्हा युक्रेनच्या लढाईमुळे तेल-गॅसचे भाव आभाळाला भिडले होते. वर दरवर्षी वाढत जाणारा कार्बन कर, २०३० पर्यंत टनाला १०० युरोपर्यंत नेण्याचे ठरलेले. म्हातारीच्या शेगडीत तेवढी एकच स्वस्त वस्तू उरली होती, आणि नेमका तिच्याकडे राजधानीतून बोट दाखवले गेले.

त्यात नेत्याचे बोलणे. तीनशे वस्तीच्या गावाने तीस मोटारी वाटून वापराव्यात, असे रायनसाहेब २०१९ साली म्हणाले होते. करोना आला तेव्हा दक्षिणेच्या खिडकीत कोशिंबिरीची पालेभाजी लावा, असा सल्ला त्यांनी सभागृहात दिला. माणूस सरळ, हेतू चांगला. पण दवाखाना वीस मैलांवर असलेल्या माणसाला हे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे वाटले. ही थट्टा त्यांना शेवटपर्यंत चिकटून राहिली.

आता गोठ्याकडे वळू. हे आपल्याला अधिक जवळचे आहे. या देशात माणसांपेक्षा गुरे जास्त. युरोपात दुधाला कोटा होता, तो २०१५ साली उठणार होता. म्हणून २०१० साली सरकारनेच ठरवले, की दहा वर्षांत दूध पन्नास टक्क्यांनी वाढवायचे. त्या सरकारात ग्रीन पक्षही होता, हे विसरू नये. शेतकऱ्याने कर्ज काढले, गायी वाढवल्या, दूध काढायच्या नव्या यंत्रशाळा बांधल्या. हप्ते अजून फिटायचे होते, तोवर २०२२ साली त्याला सांगण्यात आले, की शेतीचे उत्सर्जन २५ टक्क्यांनी कमी कर. पुढे नद्यांत नत्र फार उतरते म्हणून, हेक्टरी २५० किलोपर्यंत शेणखताचे नत्र चालवायची जी सवलत होती, ती २०२४ पासून अनेक भागांत २२० वर आली. म्हणजे एक तर गायी कमी करा, नाही तर जमीन आणखी खंडाने घ्या. ‘काल लाव म्हणालात, आज उपट म्हणता, मधल्या कर्जाचं काय?’ हा प्रश्न विचारणारा शेतकरी पर्यावरणाचा शत्रू म्हणायचा का? आम्ही तरी तसे म्हणणार नाही.

पण आता नाण्याची दुसरी बाजूही पाहू. नत्राची सवलत कापली ती युरोपीय आयोगाने. मुख्य शेतीमंत्री फियाना फॉलचे होते. टर्फवर चालणारी दोन वीजकेंद्रे बंद करण्याचा निर्णय २०१९ सालचा, ग्रीन पक्ष तेव्हा सरकारात नव्हताच. मग राग कोणावर निघाला? ताटावर तिघे बसले होते, बिल एकाच्या पुढ्यात आले. मोठे दोन पक्ष २०२४ साली पूर्वीपेक्षा जास्त जागा घेऊन आले आणि अपक्षांच्या टेकूने पुन्हा सत्तेत बसले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ते असे. त्या देशातली मतदानाची रीतही यात भर घालते. तिथे मतदार नावांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितो. लहान पक्षाचे नशीब शेजारच्या पक्षाच्या मतदाराने दिलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या पसंतीवर असते. मोठ्याशी संसार केला, की डावीकडचा मतदार म्हणतो ‘हे त्यांचेच झाले’, आणि खेड्यातला म्हणतो ‘यांनीच आमचे वाटोळे केले’. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी.

आणि मतदाराच्या रुसव्याने प्रश्न मिटला का? मुळीच नाही. २०२५ च्या मार्चमध्ये तिथल्या दोन सरकारी सल्लागार मंडळांनी हिशेब मांडला, की युरोपीय संघाशी कबूल केलेली उद्दिष्टे चुकली तर २०३० पर्यंतच्या हिशेबापोटी देशाला ८ ते २६ अब्ज युरोपर्यंत भुर्दंड पडू शकतो. हे पैसे ग्रीन पक्षाच्या कार्यालयातून जाणार नाहीत. ते ज्याने रागाने मत दिले, त्याच्याच खिशातून जाणार. सावकाराचा निरोप घेऊन येणाऱ्याला दारातून हाकलले, म्हणजे कर्ज फिटले असे होत नाही.

म्हणून आमचे मत असे. दोष दोघांचाही आहे. नेत्यांचा दोष हा, की त्यांनी उद्दिष्ट आधी जाहीर केले आणि शेतकऱ्याच्या वहीतला जमाखर्च नंतर पाहिला. ज्याला सोसायचे आहे, त्याच्या बांधावर जाऊन ‘तुझं काय जाईल आणि त्याची भरपाई कोण करील’ एवढे आधी बोलले असते, तर निम्मा राग तिथेच विरला असता. मतदाराचा दोष हा, की त्याने समोर दिसला त्यालाच धरले. त्याला गायी वाढवायला लावणारे आणि वाढवल्यावर हात वर करणारे मात्र मोकळे राहिले.

आता थोडे घरचे बोलू. आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत कोणी उठून पाचट जाळू नका, पाटाचे पाणी मोजून द्या, जमीन क्षारपड होत चालली आहे असे बोलू लागला, की मागून आवाज येतो, ‘तू कुठल्या पॅनेलचा रे?’ त्याला उत्तर देता देता तो खाली बसतो आणि विषय तिथेच संपतो. बोलणाऱ्याने आधी स्वतःच्या रानात ते करून, एकरी खर्च आणि टनेज मांडून बोलावे, ही अपेक्षा रास्तच आहे. पण ऐकणाऱ्यानेही माणूस पाडताना त्याच्याबरोबर प्रश्न पाडू नये. क्षार पॅनेल पाहून वर येत नाही.

आपणांस यावर काय वाटते ते जरूर लिहून कारखान्याच्या कार्यालयात द्यावे. निवडक पत्रे पुढील अंकी छापू.