काँक्रीटमधले मीठ आणि कायद्याची पाच वर्षे

१० फेब्रुवारी २०२२ रोजी गुरुग्रामच्या सेक्टर १०९ मधील एका उंच निवासी मनोऱ्यात सहाव्या मजल्यावरच्या दिवाणखान्याचा स्लॅब कोसळला आणि खालचे मजले भेदत पहिल्या मजल्यापर्यंत गेला. दोन महिलांचा मृत्यू झाला. सहाव्या मजल्यावर त्या वेळी नूतनीकरण सुरू होते, त्यामुळे पहिला दोष त्या कामाला दिला गेला. पुढे आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी काँक्रीटचे नमुने तपासले, तेव्हा त्यांत क्लोराइडचे प्रमाण अधिक आढळले आणि सळया गंजलेल्या दिसल्या. मनोरा दुरुस्त करून राहण्याजोगा करणे व्यवहार्य नाही, असा निष्कर्ष निघाला. लोक तेथे राहायला येऊन एक दशकही झाले नव्हते.

हा दोष केवळ खासगी विकासकांच्या लोभाचा, असे मानण्याची सोय नाही. दिल्लीच्या मुखर्जीनगर भागातील ३३६ सदनिकांचे संकुल दिल्ली विकास प्राधिकरणाने, म्हणजे सरकारी यंत्रणेनेच बांधले होते. तेही असुरक्षित ठरले आणि डिसेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते रिकामे करून पाडण्याचा मार्ग मोकळा केला. आयुष्यभराची पुंजी सरकारच्या भरवशावर गुंतवणारी कुटुंबे दीड दशकात भाडेकरू झाली.

या प्रकरणांमागचे रसायन समजण्यास अवघड नाही. चांगले काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते. त्याचा सामू साडेबाराच्या वर असतो. त्या वातावरणात सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच तिला गंजण्यापासून वाचवतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत झिरपत ही अल्कधर्मिता कमी करतो. क्लोराइड मात्र अल्कधर्मिता शाबूत असतानाही तो थर जागोजागी फोडते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जाते. सळई आतून फुगते, काँक्रीटचे आवरण तडकते, तड्यांतून पाणी व हवा आत शिरतात आणि गंज वेग घेतो. हे सारे गिलाव्याखाली घडते. गिलावा फुगून पोपडे पडू लागतात, तेव्हा सळईचा छेद पुष्कळसा खाल्ला गेलेला असतो.

समुद्रकाठी मीठ बाहेरून येते. पणजीचा मांडवीवरील पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला, तो जेमतेम दीड दशक वापरात होता आणि त्याच्या पूर्वताणित तारा गंजल्या होत्या. समुद्रापासून हजारभर किलोमीटर दूर असलेल्या गुरुग्राममध्ये मीठ बहुधा काँक्रीट कालवतानाच आत जाते. त्याचे गणित मांडून पाहावे. आयएस ४५६ या भारतीय मानकानुसार प्रबलित काँक्रीटच्या एका घनमीटरात, म्हणजे सुमारे चोवीसशे किलो वजनात, क्लोराइड ६०० ग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. कालवण्याच्या पाण्यात ते लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असावे. एका घनमीटराला १८० लिटर पाणी लागते असे धरल्यास मानकात बसणाऱ्या पाण्यातून फार तर ९० ग्रॅम क्लोराइड येईल. तेच पाणी मचूळ असून लिटरमागे ३,००० मिलिग्रॅमचे असेल, तर ५४० ग्रॅम. वाळू, खडी आणि रासायनिक मिश्रके यांचा वाटा अद्याप धरलेलाच नाही. २०१२ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने गुरुग्राममध्ये बांधकामासाठी भूजल उपसण्यास मनाई करून प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्यास सांगितले. खोल जाणाऱ्या पाणीपातळीकडे पाहता तो आदेश योग्यच होता. पण असे पाणी काँक्रीटला चालेल की नाही, हे दर टँकरला तपासावे लागते. ते कोण तपासतो?

आपल्याकडे बांधकामावर जी चाचणी खरोखर होते, ती ठोकळ्याची. काँक्रीटचे घन ठोकळे २८ दिवसांनी यंत्राखाली फोडून त्यांची ताकद मोजतात. खारट पाण्याचे काँक्रीटही या परीक्षेत सहज उत्तीर्ण होते, कारण क्लोराइड काँक्रीटला नव्हे, तर लोखंडाला मारते. मानकात टिकाऊपणाच्या अटी आहेत: सौम्य परिस्थितीत २० मिलिमीटर, तर अत्यंत तीव्र परिस्थितीत ७५ मिलिमीटर आवरण, पाणी-सिमेंट प्रमाणाची मर्यादा, पाणी मारण्याचे किमान दिवस. परंतु स्लॅब एकदा ओतला की आवरण किती ठेवले होते आणि पाणी किती दिवस मारले, हे नुसते पाहून सांगता येत नाही.

जुन्या चुन्याच्या वास्तू शतकानुशतके उभ्या आहेत, मग आजचे सिमेंट असे कसे, असा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याला हमखास विचारला जातो. त्या चुन्याच्या पोटात लोखंड नव्हते, एवढेच त्याचे उत्तर. जिथे दगडी सांध्यांत लोखंडी पट्ट्या बसवल्या होत्या, तिथे त्या गंजून दगड फुटल्याचे पुरातत्त्व खात्याला चांगले ठाऊक आहे.

सेवेत असताना एका किनारी जिल्ह्यात बारा वर्षांच्या सरकारी शाळेचा छज्जा पडला. सुदैवाने तो रविवार होता. मी बांधकामाची कागदपत्रे मागवली. निविदा, देयके, पूर्णत्वाचा दाखला, उद्घाटनाची छायाचित्रे, सारे नीट लावलेले होते. पाणी कुठल्या विहिरीचे होते आणि स्लॅब कोणत्या तारखेला ओतला, याची एकही नोंद नव्हती. दोषनिवारणाची मुदत संपल्यावर ती वही रद्दीत गेली होती.

याउलट हिराकुड आणि रिहंद या धरणांकडे पाहावे. तेथे खडीतील सिलिका व सिमेंटमधील अल्कली यांच्या अभिक्रियेने काँक्रीट आतून फुगू लागल्याचे निदान झाले. ते होऊ शकले, कारण तेथे तड्यांवर आणि हालचालींवर लक्ष ठेवणारी माणसे होती आणि त्यांची मोजमापे जपली गेली. धरण सुरक्षा कायदा, २०२१ ने तर अशा नोंदी ठेवणे मालकांवर बंधनकारकच केले. धरणासाठी जे आवश्यक मानले, ते हजार माणसांच्या मनोऱ्यासाठी मानलेले नाही.

स्थावर संपदा कायदा, २०१६ च्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निदर्शनास आणलेला संरचनात्मक दोष विकासकाने विनामूल्य दूर करावा लागतो. पूर्वीच्या अंदाधुंदीच्या तुलनेत ही मोठी सुधारणा होती. पण मिठाचा परिणाम डोळ्यांना दिसेपर्यंत ही मुदत बहुतेकदा उलटून गेलेली असते आणि ग्राहकाच्या हाती नुसते पोपडे उरतात. मुदत दहा वर्षांची करावी, ही मागणी रास्त आहे. तथापि तेवढ्याने भागणार नाही. भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी प्रत्येक मनोऱ्याच्या काही मजल्यांवरील काँक्रीटमधील क्लोराइड आणि आवरणाची जाडी मोजणे सक्तीचे करावे. या चाचण्यांचा खर्च एका सदनिकेच्या किमतीपुढे नगण्य आहे. त्यांचे अहवाल, पाण्याच्या तपासणीसह, रेरा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कायमचे ठेवावेत. विक्रीच्या जाहिरातींसाठी ते संकेतस्थळ आज चालतेच आहे.